उठवायचं कुणाला, ते सांगितलंच नव्हतं

आमच्या रेडिओ केंद्रात दोन गोष्टी कुणी विकत आणत नाही, तरी वाढतच राहतात. एक वायरी आणि दुसरे किस्से! दोन्ही टेबलाखाली साठतात आणि एक ओढायला गेलं की दहा बाहेर येतात. परवा चहाला बसलो असताना एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "तुमच्या कम्प्युटरमधलं काहीतरी बदललेलं, तेव्हा काय झालं होतं गं?" मी म्हटलं, एकच सांगते. दोनदा चहा झाला, तिची घरी जायची जीप गेली, तरी आम्ही तिथंच.

आधी माणसं सांगते. पेठ आणि अवसरीच्या मधे, हायवे सोडून आत, एका पिठाच्या गिरणीला चिकटून आमचं केंद्र आहे. सामुदायिक रेडिओ, म्हणजे आजूबाजूच्या गावांपुरता. एक टॉवर, एक खोली, तिच्या मधोमध एक काच. काचेच्या पलीकडे स्टुडिओ आणि अलीकडे ऑफिस! थोरात सर आमचे केंद्रप्रमुख. जन्मभर मुख्याध्यापक होते. रिटायर झालेत, पण ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. सुलभाकाकी सकाळचा कार्यक्रम करतात. घरची दहा माणसं, चार जनावरं आणि सासूबाई सांभाळून त्या येतात आणि माइकसमोर अशा बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं ओट्यावर शेजारी बसूनच बोलतायत. अक्षय आमचा इंजिनिअर. पुण्यात कंपनीत राहून आला, "गावाकडंच काहीतरी करायचं" म्हणाला आणि आमच्या तावडीत सापडला. चौथी मी, रोहिणी. निवेदन, मुलाखती, एडिटिंग, आणि कुणी नसेल त्या दिवशी झाडू.

आमचा सगळा कारभार एका जुन्या कम्प्युटरवर चालतो. तो सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात काकींचं अर्धं शिवार फिरून व्हावं. अक्षयनं त्याचं निदान केलं. कम्प्युटर चालू झाला की सगळ्यात आधी एक प्रोग्राम जागा होतो आणि तो बाकीच्यांना उठवतो. आवाज सांभाळणारा, घड्याळ सांभाळणारा, नेट, प्रिंटर, ठरल्या वेळेला कार्यक्रम लावणारा, असे सगळे. या मागं राबणाऱ्यांना म्हणायचं सर्व्हिसेस.

"तो उठवणाराच लई जड झालाय, सर," अक्षय म्हणाला. "सगळ्यात नाक खुपसतो. मी दुसरा बसवतो. हलका आहे. सांगाल तेवढंच करतो."

"सांगितलं तेवढं तरी करणारा माणूस मी नोकरीभर शोधत होतो," सर म्हणाले. "बसव. पण एक लक्षात ठेव. बिघडलं तर तुझा फक्त पगार जाईल, माझी इज्जत जाईल!"

अक्षयनं रविवारी बसवला. आणि तिथून पुढं...

*

सोमवारी पहाटे अक्षयनं बटण दाबलं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत मशीन सुरू! तो खुर्चीत मागं रेलून बसला. "बघा ताई! चहा ओतेपर्यंतसुद्धा थांबावं लागलं नाही!"

मी पण खूश. दोघांनी चहा घेतला. तेवढ्यात सरांचा घरून फोन.

"अक्षय, रेडिओ बंद आहे."

"नाही सर, मशीन एकदम फास्ट सुरू झालंय!"

"मग बोलत का नाही?"

अक्षयनं स्क्रीनकडे पाहिलं. मशीन जागं होतं, पण बाकी सगळं घर झोपलेलं. आवाज नाही, कार्यक्रम नाही, काही नाही. जुना उठवणारा स्वतःहून सगळ्यांना हाका मारायचा. हा नवा बिचारा हात बांधून उभा. कुणाला उठवायचं, ते त्याला सांगितलंच नव्हतं! एकेका सर्व्हिसचं नाव घेऊन "हिला रोज उठव" असं त्याच्याकडं नोंदवावं लागतं, हे अक्षयला माहीत होतं, पण वेगाच्या आनंदात ते राहूनच गेलं.

सकाळचा सगळा कार्यक्रम शांततेत पार पडला. सरांनी मला फोनजवळ बसवलं. "लोकांचे फोन येतील, शिव्या देतील, आपण नम्रपणे ऐकून घ्यायच्या."

एकच फोन आला. गिरणीपलीकडच्या वस्तीवरचे एक आजोबा होते.

"ताई, आज लई बरं वाटलं रेडिओ ऐकून. मधनंमधनं असंच ठेवत जा!"

*

दुसऱ्या दिवशी अक्षयनं आठवली तेवढ्यांची नावं नोंदवली. आता ते उठले. स्क्रीनवर कार्यक्रम सुरू, पट्टी पुढं सरकतेय, आवाज मात्र नाही.

"वाजतंय, काकी!" अक्षय म्हणाला.

काकींनी हेडफोन कानाला घट्ट दाबला. "कुटं?"

"आत वाजतंय."

"आत कुनाच्या?"

भानगड अशी होती, की कार्यक्रम लावणारी सर्व्हिस आधी उठली आणि आवाज सांभाळणारी तिच्यामागून. पहिलीनं उठल्या उठल्या गायला सुरुवात केली, तेव्हा स्पीकरचा दरवाजाच उघडला नव्हता. अक्षयनं काकींना नीट समजावलं. कोण कोणावर अवलंबून आहे, ते नव्या गड्याला सांगावं लागतं. आधी आवाज, मग कार्यक्रम.

"ह्यात काय एवढं," काकी म्हणाल्या. "आमच्या घरी तसंच हाय. ह्ये उठल्याबिगर मोटार चालू व्हत न्हाई. चहा झाल्याबिगर ह्ये उठत न्हाईत. आन् सासूबाई उठल्याबिगर चुलीवर चहा ठेवायचा न्हाई, असा त्यांचा दंडक."

अक्षयला गंमत वाटली. "आणि सासूबाई कशावर अवलंबून?"

"रेडिओवर! भूपाळी लागल्याबिगर त्या हातरूण सोडत न्हाईत."

"आणि भूपाळी कोण लावतं?"

"मीच की!"

"आणि तुम्ही?"

"मी चहा घेतल्याबिगर घरातनं पाय काढत न्हाई."

अक्षय हसत सुटला. "काकी, याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात! गोल फिरून सगळे एकमेकांसाठी थांबतात. यात मशीन जागच्या जागी अडकून बसतं!"

"मशीन अडकत आसंल," काकी हेडफोन काढत म्हणाल्या. "मी सासूबाईंच्या आधी गुपचूप चहा करून पिते!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आवाजाची सर्व्हिस मधेच सुरू झाली होती आणि समोरचा माइक चालू होता.

त्या दिवशी घरी काय झालं, ते काकींनी अजून सांगितलेलं नाही.

*

घड्याळाचं प्रकरण त्याच आठवड्यातलं. आमच्या कम्प्युटरच्या पोटातली छोटी बॅटरी केव्हाच मेलेली. लाईट गेली की त्याचं घड्याळ कुठल्यातरी जुन्या तारखेला, कुठल्यातरी भलत्या वेळेला जाऊन बसायचं. आधी हे कुणाला कळायचं नाही, कारण नेटवरून वेळ विचारून घड्याळ लावणारी एक सर्व्हिस गुपचूप ते दुरुस्त करायची. नव्या गड्याकडे तिचं नाव नोंदवायचं राहिलं होतं.

भर दुपारी लाईट गेली, आली. अक्षय जेवायला गेलेला, मी मंचरला मुलाखतीला. कम्प्युटरला वाटलं, पहाट झाली! त्यानं इमानेइतबारे भूपाळी लावली. मग काकींच्या आवाजातलं, "उठा मंडळी, पूर्वेला तांबडं फुटलंय!" मग हवामान. मग काकडआरती.

बबनराव म्हणून आमचे एक नेमाचे श्रोते आहेत. दुपारचं जेवून, पडवीत आडवे झाले होते. त्यांना जाग आली ती भूपाळीनं. आभाळ भरून आलेलं, बाहेर अंधारलेलं. ते उठले, दात घासले, गार पाण्यानं अंघोळ केली, देवपूजा केली आणि चरवी घेऊन गोठ्यात शिरले. म्हैस नुकतीच रवंथ करत बसलेली. तिनं एकदा वळून पाहिलं. बबनराव धारेला बसले, तशी तिनं लाथ घातली. चरवी एकीकडे, बबनराव एकीकडे!

संध्याकाळी त्यांचा फोन आला. सर हादरले. सर म्हणजे पक्के शिस्तीचे, त्यांनी लगेच स्वतः माइकसमोर बसून दिलगिरी जाहीर केली: "तांत्रिक कारणामुळे आज दुपारी पहाट झाली. त्याबद्दल केंद्र दिलगीर आहे. विशेषतः श्री. बबनराव यांना झालेल्या त्रासाबद्दल आम्ही त्यांची मनापासून माफी मागतो."

पाचव्या मिनिटाला बबनरावांचा पुन्हा फोन.

"सर, मी माफ केलं. पर माजी माफी मागून काय उपेग न्हाई. ती म्हस मला अजून गोठ्यात घेईना. तिच्याशी बोला!"

*

एक लहानसा. मशीन सुरू होताना कोण उठलं, कोण नाही, ते स्क्रीनवर ओळीनं येतं. सरांना इंग्रजी वाचायला चष्मा शोधावा लागायचा, म्हणून अक्षयनं ते मोठ्या मराठी अक्षरात करून दिलं. आवाज: उठला. घड्याळ: उठलं. कार्यक्रम: उठला.

सरांना ते इतकं आवडलं, की ते रोज सकाळी स्क्रीनसमोर हात मागे बांधून उभे राहायला लागले. एकेक ओळ आली की मान डोलवायचे. मी शपथेवर सांगते, एकदा त्यांनी प्रिंटरला "शाब्बास, बस खाली" म्हटलेलं मी ऐकलंय.

फक्त शेवटची ओळ रोज तीच: नेट: उठलं नाही.

चार-पाच दिवस सरांनी सहन केलं. मग अक्षयला बोलावलं.

"हा नेट रोज गैरहजर असतो. पालकांना कळवलं का?"

"कळवलं सर," अक्षय म्हणाला. "पालक फोन उचलत नाहीत."

*

प्रिंटरला शाब्बासकी मिळाली, त्याच्या आधीची गोष्ट. सरांचा लॅपटॉप वेगळा, प्रिंटर मात्र मोठ्या कम्प्युटरला जोडलेला. छपाईची सर्व्हिस उठतच नव्हती. सरांना हे कुणी सांगितलं नाही. त्यांनी एक नोटीस टाईप केली आणि प्रिंटचं बटण दाबलं. काही आलं नाही. त्यांनी परत दाबलं. थोड्या वेळानं परत. जेवून आल्यावर परत. सर चिकाटीचे. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालासुद्धा त्यांनी कधी सोडलं नाही, तर प्रिंटरला काय सोडतील! दोन दिवस जाता-येता दाबत राहिले.

लॅपटॉपनं एकेक हुकूम मनात धरून ठेवला.

तिसऱ्या दिवशी अक्षयनं छपाईची सर्व्हिस नोंदवली आणि "आता चालू!" म्हणाला. प्रिंटरनं एक कागद टाकला. दुसरा टाकला. मग तो थांबेचना. ट्रे भरला, कागद जमिनीवर उतरले, पंख्याच्या वाऱ्यानं एकेक काचेपाशी, दारापाशी, दाराबाहेर. शेजारच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायकांच्या डब्यावर पण एकेक जाऊन बसला.

त्यातलीच एक बाई कागद घेऊन आत आली आणि सरांच्या टेबलावर अदबीनं ठेवत म्हणाली, "सर, तुमी वाटायला दिल्यात का ह्ये? लई चांगलं लिवलंय."

सरांनी चष्मा लावून वाचलं. "सर्व कर्मचाऱ्यांना सूचना: केंद्रात कागदाची नासाडी होत आहे. ती तात्काळ थांबवावी."

*

सरांचं दर महिन्याला एक चिंतन असतं. थेट प्रक्षेपण! त्या महिन्याचा विषय होता 'मनःशांती'. आमचा आवाजाचा मिक्सर दुरुस्तीला पुण्याला गेलेला, त्यामुळे सरांचा माइक थेट कम्प्युटरला जोडलेला होता. म्हणजे कम्प्युटर जे वाजवेल आणि सर जे बोलतील, ते दोन्ही एकत्र बाहेर.

सरांनी सुरुवात केली. "श्रोतेहो, मनःशांती म्हणजे काय?"

"कडबाकुट्टी! कडबाकुट्टी! एक नंबर कडबाकुट्टी!"

जाहिरातींची सर्व्हिस चालू राहिली होती, आणि तिच्यात चारा कापायच्या यंत्राची जाहिरात होती. काचेअलीकडून अक्षयनं झटकन ती बंद केली. सर सावरले. "तर, शांती ही बाहेर नसते, ती..."

"कडबाकुट्टी! कडबाकुट्टी!"

नव्या गड्याचा एक गुण असा, की कुठली सर्व्हिस पडली तर तो तिला लगेच उचलून उभी करतो. आपण मुद्दाम पाडली तरी त्याला ते कळत नाही. त्याला वाटतं, बिचारी पडली! आणि उभी राहिली की ती पुन्हा पहिल्यापासून गाते. अक्षय पाडतोय, तो उचलतोय. अक्षयच्या कपाळावर घाम. मी त्याच्या कानात ओरडून विचारतेय, "अरे त्या उचलणाऱ्यालाच सांग ना, हिला उचलू नको म्हणून!" आणि तो म्हणतोय, "तेच कसं सांगायचं ते बघतोय, ताई!"

काचेपलीकडे सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. आता हे उठून येणार आणि अक्षयचा कान धरणार. सरांनी एक मोठा श्वास घेतला.

"श्रोतेहो, आत्ता तुम्ही जे ऐकलंत, ते मुद्दाम आहे." आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. "मनात येणारा नको तो विचार असाच असतो. तुम्ही त्याला बंद करता..."

"कडबाकुट्टी! कडबाकुट्टी!"

"...तो परत येतो. तुम्ही चिडता..."

"एक नंबर कडबाकुट्टी!"

"...तो आणखी जोरात येतो. त्याच्याशी भांडू नका. त्याला येऊ द्या. ऐका. आणि आपलं काम करत राहा."

अख्खं चिंतन त्यांनी तसं पार पाडलं. जाहिरातीसाठी थांबायचे, मग पुढचं वाक्य. संध्याकाळपर्यंत फोन येत होते. एक भजनी मंडळ म्हणालं, असं उदाहरण देऊन आजपर्यंत कुणी समजावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कडबाकुट्टीवाले स्वतः पेढे घेऊन आले. सरांच्या पाया पडले.

"सर, पुढच्या महिन्यात कोणचा इशय हाय? आपली मशीन परत घ्या त्यात!"

*

आता अक्षयचं.

अक्षयला मुलगी बघायला नारायणगावला जायचं होतं. सरांनी सुट्टी दिली, वर स्वतःचं अत्तर दिलं. जाताना अक्षयनं मला बजावलं, "ताई, काय पण झालं तरी फोन करू नका."

अकरा वाजता कार्यक्रम बंद पडला. मी कार्यक्रमाची सर्व्हिस नव्यानं चालू करून पाहिली, थोडा वेळ धीर धरला. सर माझ्यामागे येरझाऱ्या घालायला लागले, तेव्हा मी फोन केला.

पुढचं मी अक्षयच्या तोंडून ऐकलंय. तो मुलीच्या घरी दिवाणावर बसलेला. समोर मुलीचे वडील, चुलते, मामा. पोह्यांच्या बश्या आलेल्या. मुलगी अजून आतच. त्यानं फोन उचलला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागला.

मी म्हटलं, "अरे, नवी चालूच होत नाही!"

तो म्हणाला, "जुनी अजून चालू असेल. जुनी बंद केल्याशिवाय नवी कशी येईल?"

वडिलांनी चमचा खाली ठेवला.

मी म्हटलं, "जुनी दिसत तर नाही कुठं."

"दिसत नाही ताई, मागं असते ती! गुपचूप. दोघी एकदम चालू ठेवल्या तर भांडतात. आधी तिला बंद करा."

चुलत्यांनी मामांकडे पाहिलं.

"बंद होत नाहीये रे!"

"ऐकतच नसेल, तर मारून टाका!" अक्षय म्हणाला. "आणि सरांना यातलं काही सांगू नका. मी आल्यावर निस्तरतो."

मुलीचे वडील उठून उभे राहिले. "पावणं," ते म्हणाले, "तुमी पोहे खाऊन घ्या आन् मग आपण..."

अक्षय सांगतो, की त्याला तेव्हा कळलं आपण काय बोललो ते. कम्प्युटर, सर्व्हिस, रेडिओ, यातला एकही शब्द वेळेला आठवेना. मुलगी तर त्यानं अजून पाहिलीही नव्हती, आणि ती हातची गेली याचं त्याला इतकं वाईट वाटलं!

तेवढ्यात आतून चहाचा ट्रे घेऊन प्राजक्ता बाहेर आली. मुलीचं नाव प्राजक्ता. ट्रे ठेवला आणि वडिलांना म्हणाली, "दादा, बसा खाली. ते कम्प्युटरचं बोलतायत." मग अक्षयकडे वळली. "आणि तुम्ही हो, 'बंद कर, चालू कर' असं दोनदा कशाला सांगता? रीस्टार्ट एकदाच म्हणायचं ना!"

फोन अजून चालूच होता. मी इकडं ते ऐकलं, तसं केलं, आणि कार्यक्रम सुरू झाला.

साखरपुड्याला आम्ही सगळे गेलो. तिथं प्राजक्ताच्या वडिलांनी अक्षयची ओळख पाहुण्यांना करून दिली, "आमचं जावई. रेडिओत असत्यात." मग जरा थांबून, आवाज खाली करून, "चौकशी केलीया. जुनी खरंच बंद हाय."

*

आणि हा लग्नाच्या दिवशीचा.

लग्न नारायणगावला, रविवारी सकाळचं. आम्ही तिघं वऱ्हाडात. मी, सर आणि काकी. संध्याकाळी केंद्रात 'तुमची फर्माईश' असते. लोक फोन करतात, आम्ही लोकगीतं लावतो. तोपर्यंत परत येऊ, असा हिशोब. नवरदेवानं मुंडावळ्या बांधलेल्या असतानाही दोनदा फोन काढून पाहिला आणि म्हणाला, "आपोआप सुरू होईल सर. सगळं लावून आलोय." सर म्हणाले, "तू अक्षतांकडे बघ."

निघायला उशीर झाला. परतीच्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो. सर पुढं ड्रायव्हरशेजारी, काकी आणि मी मागं, काकींच्या मांडीवर कुणाचंतरी बाळ. मंचरच्या अलीकडे टोमॅटोचे क्रेट भरलेला एक पिकअप रस्त्यात आडवा झालेला. कुणाला लागलं नव्हतं, पण रस्ता लालभडक आणि गाड्यांची ही रांग!

फर्माईशची वेळ झाली. ड्रायव्हरनं रेडिओची बटणं फिरवली आणि एकदम काकींचाच आवाज: "नमस्कार मंडळी! मी सुलभाकाकी, स्टुडिओतनं बोलतीया. आमी सगळी तुमच्या फोनची वाट बघतूया!"

रेकॉर्डिंग होतं. लाईट गेली असेल, आली असेल, काहीही असेल, सगळ्या सर्व्हिसेस आपापल्या वेळेला उठून कामाला लागल्या होत्या. मला इतका आनंद झाला! काकींच्या शेजारच्या बाई त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुमचा आवाज लई तिच्यावानी हाय."

"व्हय," काकी बाळाला थोपटत म्हणाल्या. "लोकं म्हनत्यात."

"आवाज ग्वाड हाय बाईचा," ड्रायव्हर म्हणाला. "पर बोलती लई."

"किती लई?" काकींनी विचारलं. मी त्यांचा हात धरला.

सरांचं मात्र ध्यान दुसरीकडेच. "रोहिणी," ते मागे वळून म्हणाले, "कार्यक्रम लागला ते ठीक. फोन कोण उचलणार? लोक फोन करतील, घंटा वाजत राहील, कुणी उचलणार नाही. काय म्हणतील लोक?"

"सर, काय करणार? आपण सगळे जीपमध्ये आहोत."

सरांना राहवेना. खरंच कुणी उचलत नाही ना, ते बघायला त्यांनी स्वतःच केंद्राला फोन लावला. स्पीकर चालू केला.

आणि फोन उचलला गेला!

"नमस्कार, रेडिओ. नाव सांगा."

आवाज शेजारच्या गिरणीवाल्या बाळूभाऊंचा. किल्ली त्यांच्याकडे असते. घंटा ऐकून ते आत गेले असणार. मागे गिरणीचा पट्टा फडफडत होता.

"बाळूभाऊ? अहो, तुम्ही तिथं काय करताय?"

"आधी नाव. फोनशेजारी पाटी हाय, नाव-गाव-गाणं. तसंच घेतोय सगळ्यांचं."

"अहो, मी थोरात!"

"थोरात. बरं. गाव?"

"अहो, मी थोरात सर!"

"ते ऱ्हाऊ द्या. थोरात काय, निम्मा तालुका थोरातच हाय. गावाबिगर फर्माईश घेत न्हाईत, तसा नियम हाय हितल्या सायबांचा. बोला लवकर राव, मागं लाईन लागलीया!"

ड्रायव्हरनं रेडिओचा आवाज कमी केला. सरांनी फोनकडे पाहिलं, मग समोरच्या टोमॅटोंकडे पाहिलं.

"...मंचर," सर म्हणाले.

"मंचर. झ्याक. आन् गाणं?"

सरांनी फोनवर हात ठेवला, मागे वळले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सुलभाताई, कोणतं सांगू?"